कोरडे बूट

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला फाटक उघडलं, तर कंपाउंडच्या भिंतीवर निळा आकडा होता. आ-४७. रंग ओला होता आणि सातच्या शेपटीतून एक ओघळ निवांतपणे गटाराकडे निघाला होता. आमच्या भिंतीला आकड्यांचं अप्रूप नाही. जनगणनेवाल्यांचा आहे, संडास मोजणाऱ्यांचे दोन आहेत, नळवाल्यांचाही आहे. नळ आला नाही, आकडा आला. मलेरियाचा माणूस तर दर पावसाळ्यात येऊन तारीख घालून जातो, बहुतेक डासांनी वाचावी म्हणून. तीस-पस्तीस वर्षं सरकारची चाकरी केल्यावर एवढं कळतं, की भिंतीवरचा आकडा हा अंगावरच्या चामखिळीसारखा असतो. एकतर वाढतो, नाहीतर गळतो, आणि काहीही झालं तरी आपल्याला विचारून होत नाही. पण या आकड्यापाशी मी थांबलो. पिशवी हाताला गार लागत होती. रंग निळा होता. लाल रंग अतिक्रमणाचा, पिवळा विजेच्या खांबांचा, आणि निळा पाण्याचा. नकाशात पाणी निळ्यानं भरतात. मी स्वतः भरलेलं आहे. एका जागी भरायला हवं होतं, तिथं नाही भरलं.

“काय करून राहिले तिथं?” प्रेमलता आतून म्हणाली. “दूध फाटून जाईन ना.”

दूध फाटलं नाही. आमच्या घरात काही सुकतही नाही आणि उन्हानं फाटतही नाही, गारवाच तसा आहे. देवघराच्या भिंतीला पोपडे धरतात, ते मी दर दिवाळीला खरवडतो आणि वर चुना मारतो. दिवाळी होऊन आठ दिवस झाले की भिंत पुन्हा आपल्या मूळ मताला येते. श्रावणात फरशीला घाम फुटतो. मीठ बरणीत पाणी होऊन बसतं. काडेपेटी प्रेमलता ब्लाउजमध्ये ठेवते. आणि तिचे गुडघे. नागपूरच्या डॉक्टरनं गुडघ्यांचे फोटो काढले, वर धरून पाहिले आणि विचारलं, तुम्ही राहता कुठं? तिनं सांगितलं, पांढुर्ण्याला, सरोवर विहारमध्ये. त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि घर बदला असं तोंडी सांगितलं. सरोवर विहार हे नाव प्लॉट पाडणाऱ्यानं ठेवलं. या जागेबद्दल आजवर जे जे लिहिलं गेलं, त्यात खरं एवढंच, हे मला कमानीखालून जाताना दरवेळी वाटतं. तिथं सरोवर होतं असं तो म्हणाला, आणि लोकांना वाटलं माणूस जाहिरात करून राहिला आहे. मी इथं प्लॉट घेतला तेव्हा, मी इथलाच पटवारी म्हणून, मला सवलत मिळाली असं काहीजण बोलले. तसं काही नव्हतं. सवलत सगळ्यांनाच होती, कारण कोणी घेतच नव्हतं. आणि मी का घेतला, याची उत्तरं मी प्रेमलतेला अनेक दिलेली आहेत, त्यातलं एकही मला पाठ नाही. कदाचित कागदावर आपण जागा कोरडी केली तर ती कोरडी होतेच, यावर माझा तेव्हा विश्वास असेल. नोकरीत असताना असे विश्वास येतात. पेन्शनीत जातात.

दहाच्या सुमारास उर्वशी आली. मुलगी सौसरची, पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, पायात गुडघ्याइतके रबरी बूट. त्या बुटांकडे मी पाहतच राहिलो. तिनं काकाजी म्हणून नमस्कार केला, भिंतीवर न विचारता रंग लावला त्याची माफी मागितली. सरकारी कामात माफी हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून चहा ठेवायला सांगितला. ती कुठल्याशा संस्थेची होती, जिल्हा नवा झाल्यावर काम त्यांना मिळालं होतं. जाम नदीच्या पाणलोटातल्या, म्हणजे जिथं जिथं पडलेलं पाणी शेवटी जाममध्ये येतं त्या सगळ्या मुलखातल्या, पाणथळ जागा शोधायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे, आणि ज्या मेल्या नाहीत त्या जगवायच्या. वरच्या टेकड्यांपासून खाली कन्हानपर्यंत अशा एकसष्ट निघाल्या होत्या. काही नुसत्या खाचा, काही बुजलेल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, एक तर म्हणे कोणाच्या संत्र्याच्या बागेत, तिला बागवाला रोग समजून औषध घालत होता. या जागा पावसाळ्यात पाणी पोटात धरतात आणि उन्हाळ्यात हळूहळू नदीला सोडतात, असं ती सांगत होती, हातानं फुगणं आणि ओसरणं दाखवत. म्हणून आधी जाम होळीनंतरही वाहायची. आता दिवाळीतच गोटे दिसतात. मला हे ठाऊक होतं. सावरगावच्या बाजूनं पाण्यात पाय घालून मी चैत्रात बसलेलो आहे. पण ती इतक्या मनापासून सांगत होती, की ठाऊक नसल्यासारखा चेहरा करणं मला बरं वाटलं. तो चेहराही मला नोकरीनंच दिला आहे.

आमच्या मागची अडीच एकर मोकळी जागा, जिथं कॉलनीतला मलबा पडतो आणि मधेमधे पाणकणसं उगवतात, ती आ-४७ होती. आमचं घर तिच्या काठावर, खरं सांगायचं तर काठाच्या आत. घरं कोणी पाडणार नाही, उर्वशी म्हणाली. मलबा काढायचा, रस्त्याखाली दबलेला नाला मोकळा करायचा, आणि राहिलेल्या जागेवर पुढं बांधकाम होऊ द्यायचं नाही, एवढंच. पण अडचण होती. यादीत जागा पक्की व्हायला तीनातल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात: आकाशातून काढलेला फोटो, जुना सरकारी कागद, आणि नव्वद सालाच्या आधी ती जागा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं लेखी कथन. फोटोत जागा निळी दिसत होती. कागद उलटंच सांगत होता. माणूस सापडत नव्हता. शेजारच्या बापूजींना तिनं विचारलं होतं, ते कॉलनीचे अध्यक्ष. इथं कधीच पाणी नव्हतं असं त्यांनी ठामपणे सांगितलं. त्यांचा पंप त्याच वेळी त्यांच्या तळघरातलं पाणी रस्त्यावर फेकत होता, त्याच्या आवाजामुळं त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. पण बापूजी इथं येऊन वीसच वर्षं झाली, म्हणून त्यांचं कथन चालत नव्हतं. संध्याकाळपर्यंत काही मिळालं नाही तर सत्तेचाळीस नंबर गळणार होता.

मग तिनं तो कागद मला दाखवला. हातातल्या चपट्या पाटीवर बोटं फिरवली आणि वर आलं खसऱ्याचं पान, पिवळं, कडेला उंदरानं खाल्लेलं. शेताशेताची दरवर्षी जागेवर जाऊन पाहणी करायची आणि काय पेरलं, काय पडलं, कुठं पाणी आहे ते लिहायचं, याला गिरदावरी म्हणतात. ते गिरदावरीचं पान होतं. आमच्याकडे माणूस मराठीत जगतो आणि त्याची जमीन हिंदीत. रकान्यात हिंदीत एकच शब्द होता, ‘पड़त’. म्हणजे पीक नाही, पाणी नाही, काही नाही, नुसती पडलेली. शब्दाच्या शिरोरेषेला टोकाशी एक हलका बाक होता.

“पहा ना काकाजी, काय अक्षर हाय,” उर्वशी म्हणाली. “हजार पानं पाहिली असतील मी. इतकं सुंदर कोणाचंच नाही. असा माणूस चुकीचं लिहीन असं वाटत नाही ना.”

मी चष्मा पुसला. अक्षर खरंच सुंदर होतं. त्या अक्षरावर मला नोकरी लागली, तहसीलदार दुसऱ्यांची पत्रं मला लिहायला द्यायचे, मोहगावला प्रेमलतेच्या वडिलांनी माझं पत्र पाहूनच होकार कळवला असं घरात म्हणतात. आणि लग्नात त्यांनी मला बूट दिले. काळे, नाडीचे, सौसरच्या दुकानातले, आत लाल अस्तर. माझ्या घराण्यात बूट घालणारा मी पहिला. चालताना ते कुरकुरत, आणि मला तो आवाज माझ्या पगाराचा वाटे. त्या वर्षीच्या कार्तिकात, खरिपाची गिरदावरी उरकायची राहिली म्हणून वरून निरोप आला होता, मी वह्यांचा बस्ता काखेत मारून इथं आलो. इथं म्हणजे तेव्हा गावाबाहेर. जागेला लोक चिभडी म्हणत. चिभड म्हणजे जी जमीन वैशाखातही वाळत नाही ती. एक बाभूळ होती काठाला. तिच्यापुढं पाणी, पाण्यावर शिंगाड्याची पानं अंथरलेली, टोपलीच्या विणीसारखी दाट, आणि पलीकडे लव्हाळ्यात दोन टिटव्या माझ्या नावानं ओरडून राहिल्या होत्या. गुणवंता मांडीएवढ्या पाण्यात उभा होता. तो दरवर्षी तिथं शिंगाडे लावायचा, त्याचा बापही लावायचा, कागद कुठं काही नव्हता. त्याच्या गळ्यातल्या दोरीला बांधलेली टोपली पाण्यावर तरंगत होती. नियम असा, की पटवाऱ्यानं जागेच्या मधोमध जाऊन पाहावं, पाणी असेल तर खोली पाहून ‘पानी के नीचे’ असं लिहावं, आणि कोणाचा ताबा दिसला तर त्याचं नाव घालावं. मी बाभळीखाली उभा राहून बुटांकडे पाहिलं.

“या ना जी साहेब,” गुणवंता म्हणाला. “काठानं घोट्याइतकंच हाय.”

तो हसून राहिला होता असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं तो नुसता बोलावत होता. पाण्यात उभ्या माणसाचा चेहरा, ऊन खालून लागतं म्हणून, हसल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, दिसते मले इथूनच. आणि बाभळीच्या खोडाला वही टेकवून लिहिलं. पाणी लिहिलं असतं तर खोली लिहावी लागली असती, खोली लिहायला आत जावं लागलं असतं. पडत लिहायला काही लागत नाही. एक शब्द, शिरोरेषेला बाक दिला, शाई वाळायला फुंकर घातली. पुढच्या वर्षी मी मागच्या वर्षीचं पाहून लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या पटवाऱ्यानं माझं पाहून लिहिलं. एवढं चांगलं अक्षर असलेल्या माणसाचं खोटं कसं पाडणार. मग त्या शब्दावर अर्ज चढला, अर्जावर शेरा, शेऱ्यावर शिक्का, शिक्क्यावर मुरुमाचे ट्रक. यात कोणी कोणाला काही दिलं घेतलं असतं तर निदान एक गोष्ट झाली असती सांगण्यासारखी. काहीच झालं नाही. एका माणसाला बूट ओले करायचे नव्हते, एवढ्यावर एवढं मोठं तळं बुजलं. ट्रक येऊ लागले तेव्हा गुणवंता तहसिलात आला होता, पिशवीभर शिंगाडे घेऊन. कागदावर माझं काय लिवलं हाय, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं पाहतो. शिंगाडे आम्ही उकडून खाल्ले, गोड होते. पुढं तो बोरगावला एका कारखान्याच्या फाटकावर स्टुलावर बसू लागला. जाता-येता मला दिसे, खाकी शर्टात, पाय सिमेंटवर ठेवून. वर्षावर्षाला वाळत गेल्यासारखा दिसे. मला पाहिलं की उठून उभा राही. तो गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली, आणि त्याच्या पायांना मी कधी चप्पल पाहिल्याचं आठवत नाही, हे मला का आठवावं तेही कळत नाही.

उर्वशीला मी म्हटलं, आठवून पाहतो, चार वाजता ये. ती कथनाचा कोरा कागद ठेवून गेली. तिच्या रबरी बुटांचे ठसे फरशीवर उमटले होते आणि नेहमीप्रमाणे वाळत नव्हते.

दुपारी नागपूरहून पंकजचा, आमच्या मुलाचा, फोन आला. बापूजींनी त्याला कळवलं होतं; कॉलनीत पाण्यापेक्षा बातमी लवकर मुरते. आमचं घर एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं पसंत केलं होतं, मागची जागा प्लॉट पडून सुटली की आमच्या अंगणातून तिकडं रस्ता काढायचा त्याचा बेत होता. नाहीतर या घामट घराला कोण विचारतो. घर गेलं की पंकज आम्हाला नागपूरला नेणार, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, उन्हं घरात येतात, लिफ्ट आहे. प्रेमलतेनं त्या खोल्या पाहिल्या होत्या. परत आल्यावर आठ दिवस ती फक्त भिंतींबद्दल बोलत होती. हात लावला तर हाताला पांढरं लागते जी, असं. पंकज फोनवर शांतपणे बोलत होता, मुलगा समजूतदार आहे. बाबा, तुम्ही खोटं बोला असं मी म्हणत नाही, तो म्हणाला. आठवत नाही म्हणा. तुमच्या वयात कोणाला आठवत नाही, कोणी शंका घेत नाही. मी म्हटलं खरं आहे. आठवण नसणं ही म्हातारपणाची एकुलती एक सवलत, ती घ्यायलाही मला आळस येत होता. फार थकवा होता. नंबर गळला तर गळू दे. साठ उरतील, नदीला साठ पुरतील. नाहीतर या मुलीचं काम तीन वर्षांनी संपेल, संस्था जाईल, पाटी लागेल, पाटीवर माशा बसतील, मलबा पुन्हा पडेल. मी सर्वे पाहिलेले आहेत, सर्व्यांनी मला पाहिलेलं आहे. एका कागदासाठी बायकोचे गुडघे उन्हातून उचलून पुन्हा ओलीत आणून ठेवायचे, आणि तेही मी, ज्यानं आयुष्यात एक पाऊल पुढं टाकून पाहणी केली नाही. कोऱ्या कागदावर मी फुंकर घातली. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी सवयीनं.

प्रेमलता समोर येऊन बसली, भिंतीला न टेकता. हातात तांदळाचं ताट होतं. खडे निवडता निवडता तिनं विचारलं, काय लिवून राहिले. मी म्हटलं, काही नाही, ती पोरगी विचारते की इथं आधी पाणी होतं का. ती खडे बाजूला करत राहिली. दोन-तीन खडे झाले. मग ताटातच पाहून बोलली.

“त्या दिवशी तुमचे बूट कोरडे होते.”

कोणत्या दिवशी, असं मी विचारलं नाही. सदतीस वर्षांत त्या दिवसाचा विषय आमच्यात निघाला नव्हता. त्या दिवसाला दिवस म्हणून वेगळं काढावं असं त्यात काही होतं हे फक्त मलाच ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. संध्याकाळी मी आलो की बूट काढून फडक्यानं पुसायची, बाबांनी दिलेले म्हणून. सकाळी मी सांगून गेलो होतो, चिभडीची पाहणी आहे, उशीर होईल.

“लवकर आले तुम्ही,” ती म्हणाली. “बूट पाहिले, तळवे पाहिले. नुसती धूळ. मले वाटलं, नवीन नवरा हाय, कसं विचारावं. मंग राहूनच गेलं.”

मी म्हटलं, पंकज म्हणतो नागपूरला. ती म्हणाली, मालूम हाय. मी म्हटलं, तुझे गुडघे. यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, ताटातल्या एखाद्या दाण्याकडे हा खडा की तांदूळ असं पाहावं तेवढंच. गुडघे माह्ये हायेत, ती म्हणाली, त्यांचं नाव घेऊन तुम्ही काही लिवू नका. मग उठली. उठायला तिला दोनदा जोर लावावा लागला. पहिल्यांदा ती पुन्हा खाली बसली, आणि मी हात पुढं केला तो तिनं घेतला, रागावून नव्हे, जवळ होता म्हणून.

चारला उर्वशी आली तेव्हा मी मागच्या दारात उभा होतो, अनवाणी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. कागद लिहून झाला होता. चार ओळी. नोंद माझी आहे, अक्षर माझं आहे, पाहणी न करता लिहिली, जागा पाण्याखाली होती आणि गुणवंता नावाचा माणूस तिथं शिंगाडे लावत होता. अक्षर आता थोडं हलतं, पण शिरोरेषेचा बाक आपोआप आला. मला तो खोडायचा होता, मग वाटलं राहू द्या, ओळख पटायला बरा. तिनं कागद वाचला. पुन्हा वाचला. पाटीवरचं जुनं पान काढून शेजारी धरलं. तिच्या चेहऱ्यावर मला राग पाहायचा होता. तिथं नुसता गोंधळ होता, एखाद्याचं आवडतं अक्षर वाईट निघाल्यासारखा. मग तिनं घसा साफ केला आणि सांगितलं, की असं असेल तर कथन देणाऱ्यानं जागेवर उभं राहून खोली दाखवावी लागते, फोटो घ्यावा लागतो, पण काकाजी, तुम्ही काठावरच थांबा, मी जाते, माझ्याकडे बूट आहेत.

मलब्याचे तुकडे पायाला टोचत होते. फुटकी कौलं, टाइल्स, कोणाच्या तरी देवघराची पांढरी फरशी. त्यांच्या पुढं पाणकणसं सुरू झाली, आणि पाणकणसांच्या आत जमीन मऊ झाली, मग जमीन नाहीच राहिली. पहिल्या पावलाला पाणी बोटांमधून वर आलं. इतकं गार, की डोक्यात काहीतरी उघडल्यासारखं झालं. देवघराच्या भिंतीला हात लावल्यावर जो गारवा लागतो तोच हा, वीस वर्षं तो भिंतीतून चढून माझ्याकडे येत होता, आणि मी त्याच्यावर चुना मारत होतो. दुसरं पाऊल टाकलं. वास आला, कुजलेल्या पानांचा आणि कशाचा तरी गोड, उकडलेल्या शिंगाड्याच्या पाण्याला येतो तसा, किंवा मला तसा वाटला. कुठूनशी एक टिटवी उठली आणि ओरडत डोक्यावरून गेली. तीच असणं शक्य नाही. मधोमध आलो असं वाटलं तेव्हा थांबलो. मागून उर्वशीनं विचारलं, किती आहे काकाजी, लिहायचं आहे. मी खाली पाहिलं.

“घोट्याच्या वर,” मी म्हटलं. “पोटरीला लागून राहिलं. लिही, पाण्याखाली.”

तिनं लिहिलं, फोटो काढला. मग मी वळायला गेलो, तर उजवा पाय येईना. डावा मोकळा करावा म्हटलं तर तो अजून खाली गेला. चिखलानं मला शांतपणे, घाई न करता, धरलं होतं; पस्तीस वर्षं तहसिलात काढल्यावर असं धरणं मी ओळखतो, पण याच्यात काही मागणी नव्हती. उर्वशी पुढं येऊ लागली तिला मी हातानं थांबवलं. मागच्या दारात प्रेमलता आली होती. तिच्या हातात पाण्यानं भरलेली बादली होती, दोन्ही हातांनी धरलेली, ती तिनं पायरीवर ठेवली, आणि पदरानं हात पुसत माझ्याकडे पाहत उभी राहिली.

“निघते का पाय?”

“निघन,” मी म्हटलं. “थांब जराशी. पाहणी करून राहिलो.”

ती बादलीशेजारी पायरीवर बसली, पाय लांब करून, आणि वाट पाहू लागली.